मधुमेही आणि त्याची परिचारिका

धडधाकट माणसाच्या अंगात साधारणपणे पाच लिटर रक्त असते. त्या सबंध रक्तात सकाळी उपाशीपोटी साखर किती असते असे विचारले, तर बहुतेकांचा अंदाज चुकतो. ती असते अवघी चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याने एक चमचा. दोन वेळचे जेवण, चार वेळचा चहा, सणासुदीची पुरणपोळी, एकादशीचा उपवास, कचेरीतील धावपळ आणि रात्रीची झोप, या सर्वांतून शरीर हा एक चमचा सांभाळीत असते. जेवणानंतर साखर थोडी वाढते आणि दोन-अडीच तासांत पुन्हा ठिकाणावर येते. ती वाढू लागली की स्वादुपिंडातील पेशींची लहान लहान बेटे इन्शुलिन सोडतात आणि साखर स्नायूंत, मेदात व यकृतात जाते. ती उतरू लागली की त्याच बेटांतील शेजारच्या पेशी ग्लुकागॉन सोडतात आणि यकृत आपले कोठार उघडते. जमाखर्चाचे इतके काटेकोर खाते कोणत्याही सरकारी कोषागारात सापडावयाचे नाही.

मधुमेह म्हणजे हे खाते बिघडणे होय. ते मुख्यतः दोन प्रकारांनी बिघडते. पहिल्या प्रकारात शरीराची संरक्षणव्यवस्थाच इन्शुलिन बनविणाऱ्या पेशींचा नाश करते. हा प्रकार बव्हंशी बालपणी किंवा तारुण्यात उद्भवतो, आणि अशा रोग्याला इन्शुलिनवाचून जगता येत नाही. दुसऱ्या प्रकारात इन्शुलिन असते, पण शरीर त्याला पूर्वीसारखी दाद देत नाही, आणि वर्षे लोटतात तसतसे इन्शुलिनही अपुरे पडू लागते. आपल्याकडील बहुसंख्य रोगी या दुसऱ्या प्रकारचे. उपाशीपोटी रक्तातील साखर दर डेसिलिटरला १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आढळली, आणि फेरतपासणीतही तसेच दिसले, तर तो मधुमेह समजतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, आणि सर्वांत मोठे प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. लठ्ठपणा नाही म्हणजे मधुमेहाची भीती नाही, ही समजूतही आपल्या लोकांना लागू पडत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःची आणि आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण इंग्रज गृहस्थाच्या अंगात मेद ९ टक्के, तर पुणेकर डॉक्टरांच्या अंगात २१ टक्के. दिसावयास सडपातळ आणि आतून मेदाळ, अशी आपली घडण आहे.

रोगाचे निदान झाल्यावर काय होते हा पुढचा प्रश्न. जे काम शरीर न सांगता, न दमता अहोरात्र करीत होते, ते आता माणसाला स्वतः समजून-उमजून करावे लागते. वर्षाचे तास होतात ८,७६०. तीन महिन्यांतून एकदा डॉक्टरांकडे जाणारा आणि दर वेळी अर्धा तास मिळविणारा भाग्यवान रोगीदेखील त्यांपैकी दोन तास वैद्याच्या नजरेखाली असतो. उरलेले ८,७५८ तास तो एकटा असतो. स्वयंपाकघरात, आगगाडीत, लग्नाच्या पंगतीत, शेताच्या बांधावर किती खावे, सुई केव्हा घ्यावी, चक्कर आली तर काय करावे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. न्यूमोनिया बरा करताना रोग्याला न्यूमोनियाविषयी काही ठाऊक नसले तरी चालते. मधुमेहात तसे चालत नाही.

हे शिकवावयाचे कोणी? चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा. त्याच्या अंगी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हे गुण असावेत, असा दंडक आहे. विशेष असे की रोग्यालाही गुण सांगितले आहेत. त्याला स्मरणशक्ती असावी, आणि आपल्याला काय होते ते त्याला सांगता यावे. प्रमेहाचे वीस प्रकार आणि त्यांतला मधुमेह हे त्या काळच्या वैद्यांच्या चांगल्या परिचयाचे होते. मुंग्या लागणारे मूत्र त्यांनी पाहिले होते, आणि जन्मजात कृश रोगी व अपथ्याने झालेला स्थूल रोगी हा भेदही सुश्रुताने केला होता. हाती इन्शुलिन नव्हते, म्हणून त्यांचा सारा भर पथ्यावर आणि श्रमावर होता.

इन्शुलिन आले ते १९२२ साली. आदल्या वर्षी टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी प्रयोग आरंभिले होते. ११ जानेवारी १९२२ रोजी चौदा वर्षांच्या एका मुलाला त्या अर्काची पहिली सुई दिली गेली. ती फारशी लागू पडली नाही. कॉलिप यांनी अर्क शुद्ध केल्यावर २३ जानेवारीची सुई मात्र लागू पडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी बँटिंग यांच्याकडे आली. उपासमारीच्या पथ्यावर तीन वर्षे तगून राहिलेल्या या मुलीचे वजन सुमारे वीस किलो उरले होते. सोबतच्या परिचारिकेने तिचा घासन्‌घास मोजून तिला तोवर जगविले होते. टोरांटोत ती स्वतःच्या हाताने सुई टोचून घेऊ लागली, आणि १९८१ साली वारली तेव्हा तिचे वय ७३ होते. इन्शुलिनचा शोध लावणाऱ्यांचे गुणगान सर्वत्र होते, आणि ते योग्यच आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या मांडीत सुई टोचावयास शिकविणे हाही त्या शोधाचाच एक भाग समजावयास हवा. बॉस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन यांनी हे फार लवकर ओळखले. रोग्यांसाठी त्यांनी १९१८ सालीच पुस्तक लिहिले, आणि खास शिकविलेल्या परिचारिकांना ते रोग्यांच्या घरी धाडीत. तेथे राहून त्या स्वयंपाक, मोजमाप व सुई घरच्या माणसांना समजावून देत.

आता परिचारिकेने नेमके शिकवावयाचे ते काय, हे पाहू. आरंभ सुईपासूनच करणे बरे, कारण तेथली चूक जीवावर बेतते. आपल्या देशात इन्शुलिनच्या बाटल्या दोन तीव्रतांच्या मिळतात: एका मिलिलिटरमध्ये ४० एकके असलेली आणि १०० एकके असलेली. दोहोंच्या सिरिंजाही निराळ्या. चाळीसच्या सिरिंजेचे टोपण सामान्यतः तांबडे, शंभरच्या सिरिंजेचे नारिंगी. चाळीसच्या सिरिंजेत वीसच्या खुणेपर्यंत भरले म्हणजे अर्धा मिलिलिटर द्रव आला. बाटली चाळीसची असेल तर ती बरोबर वीस एकके झाली. पण बाटली शंभरची असेल तर ती पन्नास एकके झाली, म्हणजे अडीचपट! उलट अदलाबदल झाली तर वीसऐवजी आठच एकके पोटात जातात आणि रोगी म्हणतो, औषधाचा काही गुण नाही. औषधाच्या दुकानात हाताला येईल ती सिरिंज उचलणाऱ्या मुलाला हे ठाऊक असेलच असे नाही. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजेवरचा आकडा दोन्ही मोठ्याने वाचावयाची सवय रोग्याला लावावी लागते. वाचता येत नसेल तर रंग आणि आकड्याचा आकार ओळखावयास शिकवावे.

बाकीच्या गोष्टी त्या मानाने सोप्या, परंतु त्या कोणीतरी सांगाव्या लागतात. गढूळ इन्शुलिनची बाटली जोरजोराने हलवू नये, दोन्ही तळव्यांमध्ये हळूहळू फिरवावी. स्वच्छ आणि गढूळ अशी दोन इन्शुलिने एकत्र घ्यावयाची असली तर आधी स्वच्छ भरावे. त्याच त्या ठिकाणी रोज टोचले तर कातडीखाली गाठ धरते, आणि त्या गाठीतून औषध नीट शोषले जात नाही. ती जागा दुखत नाही म्हणून रोग्याला नेमकी तीच आवडते! परिचारिकेने केवळ पुसून भागत नाही, पोटावर हात फिरवून गाठ चाचपून पाहावी लागते. न उघडलेली बाटली शीतपेटीत ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात कधीही नव्हे; गोठलेले इन्शुलिन टाकूनच द्यावे लागते. ज्यांच्या घरी शीतपेटी नाही त्यांनी काय करावे? बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घालून ती मातीच्या मडक्यात ठेवावी आणि मडके ओल्या वाळूत, सावलीच्या जागी. पाण्याचा माठ ज्या तत्त्वावर गार राहतो त्याच तत्त्वावर औषधही टिकते.

साखर फार उतरणे हा दुसरा धडा. दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली ती गेली की हात कापू लागतात, घाम फुटतो, छाती धडधडते, भूक खवळते. आणखी उतरली की माणूस असंबद्ध बोलू लागतो, झोकांड्या खातो. रस्त्यावरचे लोक त्याला दारूबाज समजतात आणि दूर सरतात. रात्री झोपेत असे झाले तर सकाळी उशी घामाने भिजलेली आढळते. उपाय अगदी घरगुती आहे. तीन चमचे साखर पाण्यात कालवून घ्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, रक्त पुन्हा तपासावे. उतार कायम असेल तर पुन्हा तितकीच साखर घ्यावी, आणि सावरल्यावर पोळी किंवा भाकरी खावी. लाडू-बर्फी अशा वेळी कामाची नाही, कारण त्यातील तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर निजवून तडक इस्पितळ गाठावे. हा धडा रोग्यापेक्षाही त्याच्या घरच्यांनी पाठ करावयास हवा, कारण ऐन वेळी रोगी स्वतःला मदत करण्याच्या स्थितीत नसतो. इन्शुलिन न घेणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. मधुमेहाच्या काही गोळ्यांनीही साखर उतरते, आणि नेहमीची गोळी घेऊन एकादशी किंवा रोजा पाळणाऱ्या वृद्धाला तो धोका पुष्कळ असतो.

अमेरिका व कॅनडा येथे १,४४१ रोग्यांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल १९९३ साली लागला. ज्यांनी साखर कसोशीने आटोक्यात ठेवली त्यांच्यात डोळ्यांचा विकार सुरू होण्याचे प्रमाण ७६ टक्क्यांनी घटले. पण त्यांनाच साखर धोकादायकपणे उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट आले. कसोशी आणि शिकवण यांची फारकत करता येत नाही, ती यामुळे. ज्याला उतार ओळखता येत नाही त्याला कसोशीने औषध देणे धोक्याचे. आणि एकदा तसा प्रसंग भोगलेला रोगी भीतीने साखर मुद्दाम चढती ठेवू लागतो, हे अनुभवी परिचारिकांना चांगले ठाऊक असते.

तापाच्या दिवसांत नेमकी उलट चूक होते. ‘जेवलोच नाही, तर इन्शुलिन कशाला?’ हा प्रश्न तर्काला धरून वाटतो. परंतु ताप आला की शरीर इन्शुलिनच्या विरुद्ध काम करणारी द्रव्ये सोडते आणि अन्नावाचूनही साखर चढते. पहिल्या प्रकारच्या रोग्याने अशा वेळी सुई बंद केली तर शरीर मेद जाळू लागते, रक्तात आम्ल साठते, श्वास खोल व जलद होतो, त्याला पिकल्या फळासारखा वास येतो, आणि एक-दोन दिवसांत प्राणावर बेतते. सुई बंद करावयाची नाही, पाणी पीत राहावयाचे, तीन-चार तासांनी रक्त पाहावयाचे, आणि ओकारी थांबेनाशी झाली की दवाखाना गाठावयाचा, एवढे चार शब्द एखाद्या मुलाचा जीव वाचवितात.

आहाराचा विषय निघाला की प्रत्येक जण तज्ज्ञ असतो. साखर वाईट पण गूळ चालतो, मध तर औषधच, भात सोडला आणि भाकऱ्या कितीही खाल्ल्या तरी हरकत नाही, कारल्याचा रस घेतला की गोळी नको, या सर्व समजुती सुशिक्षित घरांतही नांदतात. गूळ आणि मध रक्तात गेल्यावर साखरच होतात. भाकरीत कोंडा असतो म्हणून ती बरी, पण तीही पिष्टमयच, मोजून खावी. उपवासाचा साबुदाणा म्हणजे तर निव्वळ पिष्ट. परिचारिका छापील तक्ता हाती देते तेव्हा रोगी मान डोलावतो आणि तक्ता देवळीत ठेवून देतो. तीच जर विचारील, ‘मावशी, काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लंत ते सांगा बरं,’ तर निराळेच चित्र निघते. दिवसातून चार कप चहा, कपाला दोन चमचे, म्हणजे आठ चमचे साखर. आणि मावशी मनापासून सांगत असतात की त्यांनी गोड केव्हाच सोडले आहे. चहा हा त्यांच्या हिशेबी गोडात मोडतच नाही.

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. घरातील पुरुषाला मधुमेह झाला की त्याच्यासाठी निराळी भाजी शिजते, वेळेवर ताट वाढले जाते. बाईला झाला की ती सर्वांचे झाल्यावर उरलेला भात खाते, आणि तोही अवेळी. तिच्या सुईची वेळ आणि जेवणाची वेळ यांचा मेळ बसत नाही, कारण जेवणाची वेळ तिच्या हाती नाही. लग्नाच्या मुलीचा मधुमेह लपविला जातो; मग सासरी सुई चोरून घ्यावी लागते, आणि चोरून घ्यावयाची सुई हमखास चुकते. या ठिकाणी तक्ते उपयोगी पडत नाहीत. सासूला, नवऱ्याला बोलावून घेऊन त्यांच्यापुढे बोलण्याचे धाडस परिचारिकेला करावे लागते. डॉक्टरांपेक्षा ती ते अधिक चांगले करू शकते, असा अनुभव आहे.

शिकविण्याची रीतही महत्त्वाची. ‘समजलं ना?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘हो’ हे एकच उत्तर असते. ‘नाही’ म्हणणे अनादराचे वाटते. म्हणून जाणती परिचारिका तसे विचारीतच नाही. ती म्हणते, ‘आजोबा, आता तुम्ही मला शिकवा. मी काही जाणत नाही असं समजा.’ आजोबा सिरिंज हाती घेतात, आणि बाटलीत हवा सोडावयाचे विसरले की नाही ते तिथल्या तिथे दिसते. घरी जाण्याच्या दिवशी, टॅक्सी दारात उभी असताना, घाईघाईने दिलेल्या दहा सूचनांपैकी एखाददुसरी ध्यानात राहते. रोज एक याप्रमाणे दिलेल्या सूचना राहतात. परंतु साठ खाटांच्या विभागात दोन परिचारिका असतील तर ‘रोज एक’ कोठून यावे? शिवाय दिलेली सुई नोंदवहीत चढते, घेतलेला ताप चढतो. दिलेल्या शिकवणीला बहुतेक नोंदवह्यांत रकाना नसतो. आणि ज्याला रकाना नाही ते काम कामात धरले जात नाही, हा सर्व कचेऱ्यांचा नियम इस्पितळांतही चालतो. तो रकाना आखण्यास फारसा खर्च येऊ नये.

आरोग्यखात्याने एक पाऊल पुढे टाकले आहे. या रोगांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला, आणि २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. त्यांतील पुष्कळ जण परिचर्येचे शिक्षण घेतलेले आहेत. तीस वर्षांवरील माणसांची तपासणी त्यांच्याकडे आहे. गावातल्या माणसाचा रक्तदाब व साखर मोजणारी, आणि त्याच्या घराची वाट ठाऊक असलेली परिचारिका ही जॉस्लिन यांनी घरोघर धाडलेल्या परिचारिकांच्याच वंशातली म्हणावयास हवी.

पायांचे काम तिच्याइतके चांगले कोणाच्याच हातून होण्यासारखे नाही. बरीच वर्षे चढत्या राहिलेल्या साखरेने पायांच्या नसा बोथट होतात आणि वेदना नाहीशी होते. वेदना नसणे म्हणजे काय, हे वैद्यकाला शिकविले ते एका निराळ्याच रोगाने. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि महारोग्यांच्या हातापायांवर काम करू लागले. तोवर समज असा होता की महारोगात बोटे आपोआप झडतात. ब्रँड यांनी दाखविले की ती झडत नाहीत. वेदना नसल्यामुळे रोगी भाजतो, कापतो, जखमेवर चालतो, आणि बोटे त्यामुळे जातात. म्हणून त्यांनी मऊ रबराची पादत्राणे करविली, जखमी पायाला विसावा दिला. १९६६ साली ते अमेरिकेत कारव्हिल येथे गेले, तेव्हा तेच ज्ञान मधुमेह्यांच्या पायांनाही लागू पडले.

परिचारिकेजवळ नायलॉनचा एक जाडसर तंतू असतो. तळव्यावर टेकवून तो वाकेपर्यंत दाबला की दहा ग्रॅमचा भार पडतो. रोग्याने डोळे मिटावयाचे आणि स्पर्श कळला की सांगावयाचे. ज्याला तो कळत नाही त्याच्या पायाला खडा बोचलेलाही कळणार नाही. मग सुरू होते ती साध्या सूचनांची मालिका. अनवाणी चालू नये. दुपारच्या उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर तर मुळीच नाही, मोजे घालावेत. गरम पाण्याने पाय शेकू नयेत. भोवरी ब्लेडने कापू नये. दोन बोटांमधली जागा पुसून कोरडी करावी, म्हणजे चिखल्या होत नाहीत. टाचेच्या भेगांना तेल किंवा व्हॅसलिन लावावे. चप्पल सायंकाळी विकत घ्यावी, कारण तोवर पाय थोडा सुजलेला असतो. आणि पायात सरकविण्यापूर्वी ती रोज उपडी करून झटकावी. वारीला जाणाऱ्या मधुमेह्याला ‘जाऊ नका’ असे सांगून काही उपयोग नसतो. मऊ चप्पल घालून जा आणि मुक्कामाला पोहोचलात की तळवे पाहा, असे सांगितले तर तो ऐकतो.

तळवा स्वतःचा स्वतःला दिसत नाही ही खरी अडचण. कोणी आरसा जमिनीवर ठेवून पाहतात. ज्यांची दृष्टीही अधू झाली आहे अशा आजींसाठी परिचारिका घरातील एखादा नातू निवडते, त्याला पांढरा, तांबडा आणि काळा डाग कसा दिसतो ते दाखविते, आणि विजेरी घेऊन रोज रात्री आजीचे दोन्ही पाय पाहण्याचे काम त्याच्याकडे सोपविते. पुढच्या खेपेला ती आजीला काही विचारीत नाही. ती नातवाला विचारते.